अम्माच्या जठराच्या कॅन्सरला ऑपरेशनआधी इम्युनोथेरपी: सोलापूर भागात कुणाला अनुभव आहे का?

कन्नाचौक | ९ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. घाईत लिहितेय, सांभाळून घ्या.

माझी अम्मा, वय ६४. आम्ही पूर्व भागातले, घरात तेलुगू बोलतो. तिनं सदतीस वर्षं विड्या वळल्या. दिवाळीनंतर तिचं जेवण कमी झालं. चार घास खाल्ले की "पोट भरलं" म्हणून ताट सरकवायची. आम्ही ॲसिडिटीच्या गोळ्या देत राहिलो. मग एक दिवस मांडीवर सूप घेऊन बसली होती, पानं कापलेली, तंबाखू भरलेला, आणि हातातली विडी तशीच धरून भिंतीला टेकली. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. हिमोग्लोबिन सात. दुर्बिणीनं बघितलं तर जठराच्या खालच्या टोकाला, जिथून अन्न आतड्यात उतरतं तिथे, गाठ. बायोप्सीत ॲडिनोकार्सिनोमा. सीटी स्कॅनमध्ये शेजारचे दोन-तीन लिम्फ नोड मोठे दिसतात, यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ आहेत.

आमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी आधी केमोचे चार डोस, मग ऑपरेशन, मग पुन्हा चार डोस असं ठरवलं होतं. फ्लॉट म्हणतात त्याला. सोमवारी पहिली बाटली लागणार होती. पण त्यांनी बायोप्सीच्या तुकड्यावर एमएमआर नावाची तपासणीही सांगितली होती, पेशीतली दुरुस्ती करणारी चार प्रथिनं गाठीत आहेत का ते बघायला. त्यातही गंमत नाही झाली, त्रासच झाला: पहिल्या दुर्बिणीत दोनच बारीक तुकडे घेतले होते, ते मूळ रिपोर्टातच संपले. पुन्हा दुर्बीण, पुन्हा उपाशी ठेवणं, अकरा दिवस गेले. तो रिपोर्ट काल आला. चार प्रथिनांपैकी एमएलएच-१ आणि पीएमएस-२ "लॉस".

डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "सोमवारची केमो थांबवू. या प्रकारात ऑपरेशनआधी इम्युनोथेरपीचा विचार करतात. एकदा मुंबईला दाखवून या." भाऊ म्हणतो गाठ अंगात आहे आणि आपण गावं फिरायची का. मला डॉक्टरांवर विश्वास आहे, पण घरात सगळ्यांना समजावून सांगायला माझ्याकडे शब्द नाहीत.

हा "जेनेटिक" प्रकार आहे म्हणे. म्हणजे मला आणि माझ्या मुलीलाही होणार का? आणि हे औषध म्हणजे अम्मावर प्रयोग आहे का?

माढेकर | १० जानेवारी, सकाळी ६:५५

ताई, आधी धीर धरा. माझ्या वडिलांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरला इम्युनोथेरपी चालू होती, त्याबद्दल संध्याकाळी सविस्तर लिहितो. तोवर एकच: बायोप्सीचा ब्लॉक ताब्यात घ्या. मुंबईला रिपोर्टाच्या झेरॉक्सवर कुणी उपचार ठरवत नाही, त्यांना ब्लॉक आणि स्लाइड लागतात.

पॅराफिन | १० जानेवारी, दुपारी २:२०

मी हिस्टोपॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे, बावीस वर्षं. उपचार सांगणं माझं काम नाही, पण तो रिपोर्ट कसा तयार होतो ते सांगतो, म्हणजे घरच्यांना समजावता येईल.

दुर्बिणीतून काढलेला तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असतो, कधी त्याहून लहान. तो फॉर्मालिनमध्ये मुरवतात, पाणी काढतात आणि मेणात बसवतात. तो मेणाचा छोटा ठोकळा म्हणजे ब्लॉक. त्यावरून केसापेक्षा कितीतरी पातळ काप घेऊन काचेवर चढवतात. एमएमआरसाठी अशा चार काचा लागतात, एकेका प्रथिनाला एक. रंग चढला की पेशीच्या केंद्रात ते प्रथिन असेल तर तपकिरी दिसतं, नसेल तर निळंच राहतं.

बघताना खरी गोष्ट शेजारी असते. गाठीच्या पेशींच्या मधे मधे शरीराच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी बसलेल्या असतात. त्या तपकिरी झाल्या असतील आणि त्यांच्याच बाजूची गाठीची पेशी निळी असेल, तरच "लॉस" म्हणायचं. दोन्ही निळ्या असतील तर रंगच नीट चढला नाही, चाचणी पुन्हा करायची. म्हणून तुमच्या अम्मांच्या काचा मुंबईच्या पॅथॉलॉजिस्टनी पुन्हा बघणं चांगलंच.

एमएलएच-१ आणि पीएमएस-२ एकत्र का गेले? ती जोडीनं राहतात. एमएलएच-१ नसेल तर पीएमएस-२ टिकत नाही. तशीच दुसरी जोडी एमएसएच-२ आणि एमएसएच-६ ची.

तुम्ही पूर्व भागातल्या, म्हणून ओळखीचं उदाहरण देतो. चादर विणताना मागावर एखादा धागा तुटतो, नक्षी चुकते. मेंडिंगवाला बसलेला असतो, तो चूक हेरून सांधतो. पेशी दुभंगताना तिच्या डीएनएची नक्कल होते, त्यातही चुका होतात, विशेषतः जिथे तीच तीच अक्षरं ओळीनं येतात तिथे. ही चार प्रथिनं म्हणजे मेंडिंगवाले. ते कामावरून गेले की चुका साचत जातात, हजारांनी. अशा गाठींना एमएसआय-हाय म्हणतात. २०१४ साली अमेरिकेतल्या कॅन्सर जीनोम ॲटलासनं जठराच्या कॅन्सरचे जनुकीय चार प्रकार पाडले, त्यातला हा एक. त्यांच्या नमुन्यांत साधारण पाचात एक गाठ अशी होती. ऑपरेशन होऊ शकेल अशा पेशंटच्या मोठ्या अभ्यासांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत-बाहेर दिसतं.

तुमच्या दुसऱ्या तुकड्यांचा त्रास झाला ते वाचून वाईट वाटलं. दुर्बीण करतानाच सहा-आठ तुकडे घेतले तर ही पाळी येत नाही.

भीमाकाठ | १० जानेवारी, रात्री ९:०५

कन्नाचौक ताई, मी जरा स्पष्ट लिहिते. माझ्या काकांना जठराचाच कॅन्सर होता. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यात दोन महिने गेले आणि तेवढ्यात पोटात पाणी झालं. तुमचा भाऊ जे म्हणतोय ते चूक नाही. केमो ही सिद्ध झालेली गोष्ट आहे. नव्याच्या मागे लागून हातातलं सोडू नका.

निवृत्त_सर्जन | ११ जानेवारी, सकाळी ८:३०

भीमाकाठ यांची काळजी रास्त आहे. उशीर हाच मोठा शत्रू. पण इथे थोडा इतिहास सांगायला हवा, नाहीतर तिथले डॉक्टर उगाच थांबवतायत असं वाटेल.

ऑपरेशनच्या आधी आणि नंतर केमो द्यायची पद्धत २००६ च्या ब्रिटनमधल्या मॅजिक चाचणीनं रुळली. २०१९ मध्ये जर्मनीच्या फ्लॉट चाचणीनं त्याहून चांगलं मिश्रण दिलं: निम्मे पेशंट जिवंत राहण्याचा कालावधी ३५ महिन्यांवरून ५० वर गेला. आज सर्वसाधारण जठराच्या कॅन्सरला हाच पाया आहे, आणि अम्मांचा एमएमआर रिपोर्ट नॉर्मल असता तर मीही सोमवारीच सुरू करा म्हटलं असतं.

पण २०१९ मध्येच चार जुन्या चाचण्यांचे पेशंट एकत्र करून एक विश्लेषण आलं. १५५६ पेशंट, त्यात एमएसआय-हाय फक्त १२१. या १२१ जणांत दोन गोष्टी दिसल्या. ऑपरेशननंतर त्यांची प्रकृती मुळात इतरांपेक्षा चांगली राहते. आणि केमोनं त्यांना मिळणारा जास्तीचा फायदा दिसत नाही. संख्या लहान आहे, त्यात फ्लॉट नव्हतं, म्हणून केमो निरुपयोगी असं मी म्हणणार नाही. फ्लॉटनं यातल्या काही गाठी विरघळलेल्या आहेत. पण पंधरवड्याला एक अशा चार जड केमोंतून ६४ वर्षांच्या अशक्त बाईला नेण्याआधी दोनदा विचार करावा, इतकं या आकड्यांत नक्की आहे.

आता इम्युनोथेरपी. आपल्या टी-पेशींना, म्हणजे शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, ब्रेक असतात, नाहीतर त्या आपल्याच शरीरावर उठल्या असत्या. गाठ त्या ब्रेकवर पाय देऊन बसते. हे ब्रेक शोधल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. औषध तो पाय काढतं. चुका साचलेल्या गाठीत इतकी परकी वाटणारी प्रथिनं असतात, की ब्रेक सुटताच टी-पेशींना ती ओळखू येते. म्हणून या प्रकारात औषध एवढं चालतं आणि इतर बऱ्याच गाठींत एकट्यानं फारसं चालत नाही.

आणि ऑपरेशनच्या आधी का? गाठ जागेवर असते तेव्हा टी-पेशींना शिकायला पूर्ण पुस्तक समोर असतं. काढून टाकली की उरतात इकडेतिकडे लपलेल्या मोजक्या पेशी. तेवढ्यावरून शिकणं अवघड.

फ्रान्समध्ये निओनिपिगा नावाची चाचणी झाली. पेशंट ३२. तीन महिने निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब, मग ऑपरेशन. २९ जणांचं ऑपरेशन झालं, आणि १७ जणांच्या काढलेल्या जठरात कॅन्सरची एकही जिवंत पेशी सापडली नाही. इटलीच्या इन्फिनिटी चाचणीत दुसरी दोन औषधं होती, तपासता आले असे १५, पूर्ण साफ ९. त्यात एक बारकावा महत्त्वाचा: गाठ जठराची भिंत ओलांडून बाहेर गेलेली असेल तर सहांपैकी एकच साफ झाला, त्याआधीच्या टप्प्यात नऊपैकी आठ. म्हणून अम्मांची गाठ किती खोल आहे हे आधी नीट कळायला हवं. एंडोस्कोपिक सोनोग्राफी आणि पोटात दुर्बीण घालून पाहणी, दोन्हींबद्दल विचारा.

३२ आणि १५. हे आकडे विसरू नका. हजार पेशंटना चिठ्ठ्या टाकून केमोशी तुलना केलेली मोठी चाचणी या प्रकारासाठी माझ्या डोळ्यांसमोर नाही. अमेरिकेतल्या कॅन्सर रुग्णालयांच्या एनसीसीएन या संघटनेच्या मार्गदर्शिकेत हा पर्याय आला आहे. पर्याय, आज्ञा नव्हे.

कन्नाचौक | ११ जानेवारी, दुपारी १:१५

सर, हे मी भावाला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो गप्प बसला, मग म्हणाला, "सिद्धेश्वर एक्सप्रेसची तिकिटं काढ." अम्मानं फक्त विचारलं, सिद्धेश्वराच्या यात्रेला परत येऊ का. नंदीध्वज तिनं आजवर एकदाही चुकवलेले नाहीत.

उजनी | ११ जानेवारी, दुपारी ३:४८

ताई, रेल्वेत कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट मोफत असतं, सोबतच्या एकाला सवलत. डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचा ठरावीक नमुना लागतो, आजच भरून घ्या. दादरला संत गाडगे महाराज धर्मशाळेत राहायची सोय होते, आम्ही दीड महिना होतो तिथे. सकाळी लवकर पोचा. ब्लॉक पर्समध्ये ठेवा, मोठ्या बॅगेत नको. उन्हात नको, मेण आहे ते.

बार्शीकर | १२ जानेवारी, रात्री १०:३०

"प्रयोग आहे का" या प्रश्नावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

आपल्या भागाला हे नवीन नाही. खेड्यापाड्यातल्या कॅन्सरची नोंदवही देशात पहिल्यांदा सुरू झाली ती बार्शीला, १९८७ मध्ये. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आता धाराशिव, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा यांनी मिळून १,३१,७४६ बायकांचा अभ्यास केला. माझी आई त्यात होती. २००९ मध्ये निष्कर्ष आला की एकदाच केलेल्या एचपीव्ही या विषाणूच्या चाचणीनंही गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी होतात. जगभर वाचला गेला तो. त्याच अभ्यासावर टीकाही झाली, कारण तुलनेच्या गटातल्या बायकांना तपासणी मिळाली नव्हती. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लक्षात ठेवाव्यात.

तर कुणी चाचणीत घेतो म्हणालं, तर घाबरून पळू नका आणि डोळे मिटून सहीही करू नका. सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा, भारतात चाचणी त्यावर नोंदवल्याशिवाय करता येत नाही. संमतीपत्र मराठीत मागा, अम्मांना तेलुगू सोपं जात असेल तर तेलुगूत. घरी नेऊन वाचा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई कुणी द्यायची हे २०१९ च्या नियमांत आहे, ते कलम संमतीपत्रात बोटानं दाखवायला सांगा. मधेच बाहेर पडता येतं आणि त्यानं नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

आणि चाचणीबाहेर, डॉक्टरांनी स्वतःच्या निर्णयानं औषध दिलं, तर तो प्रयोग नव्हे. पण मग खर्च आपला.

कन्नाचौक | २० जानेवारी, रात्री १२:१०

परत आलो. यात्रा चुकली. अम्मानं गाडीतूनच हात जोडले.

मुंबईला काचा पुन्हा बघितल्या, लॉस पक्का. गाठीनं भिंतीचा बाहेरचा थर ओलांडलेला नाही असं म्हणाले, पोटाच्या आतल्या पाहणीत पसरलेलं काही नाही. चार-पाच डॉक्टर एकत्र बसले आणि पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध ठरलं, दर तीन आठवड्यांनी एक, असे चार. मग पुन्हा दुर्बीण, स्कॅन, ऑपरेशन. औषध सोलापुरातच घ्यायचं, आमच्या डॉक्टरांकडे. चाचणी नाही, त्यामुळे खर्चाचं आमचं आम्ही बघायचं.

आणि माझ्या मुलीबद्दलचं उत्तर. तिथल्या डॉक्टरबाईंनी मिथायलेशनची तपासणी केली. एमएलएच-१ चं जनुक बिघडलेलं नाही, वयोमानानं त्याच्यावर कुलूप पडलंय, तेही फक्त गाठीत. जठरात या प्रकाराचं हेच कारण बहुतेक वेळा असतं म्हणाल्या, त्यातही उतारवयातल्या बायकांत आणि जठराच्या खालच्या भागात. "गाठ जेनेटिक आहे, घराणं नाही," असं त्यांनी अम्माला हिंदीत सांगितलं. अम्मा माझ्याकडे बघून रडली. दुखण्यानं एकदाही रडली नव्हती.

तुळशीवृंदावन | २० जानेवारी, सकाळी ७:४०

ताई, तुमच्या मुलीचं वाचून बरं वाटलं. आमचं तसं निघालं नाही, म्हणून लिहिते.

माझ्या भावाला ४१ व्या वर्षी मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. रिपोर्टात एमएसएच-२ लॉस. रक्ताची तपासणी केली तर जन्मजात बिघाड, लिंच सिंड्रोम. मग आजीचं आठवलं, तिला पोटाचा. आत्याला गर्भपिशवीचा. गावात म्हणायचे या घराला कुणीतरी केलंय. चाळीस वर्षं आम्ही देवऋषी केले.

मी नंतर वाचलं की १८९५ मध्ये अमेरिकेत वॉर्थिन नावाच्या डॉक्टरला त्याच्याकडच्या शिवणकाम करणाऱ्या बाईनं सांगितलं होतं, माझ्या घरात सगळे पोटाच्या नाहीतर गर्भपिशवीच्या कॅन्सरनं जातात, मीही तशीच जाणार. ती गेलीही तशीच. त्यानं तिच्या घराण्याची नोंद ठेवली, १९१३ मध्ये छापली. पुढे हेन्री लिंच यांनी ते काम उचललं. ती बाई आणि माझी आत्या, दोघीही शिवणकाम करायच्या.

भावंडांत प्रत्येकाला निम्मी शक्यता. मला आहे, धाकटीला नाही. मी आता ठरलेल्या अंतरानं कोलोनोस्कोपी करते, मागच्या वर्षी एक पॉलिप निघाला तो तिथेच काढला. ज्यांच्या रिपोर्टात एमएसएच-२ किंवा एमएसएच-६ लॉस आहे, किंवा एमएलएच-१ लॉस आहे आणि मिथायलेशन नाही, त्यांनी रक्ताची तपासणी टाळू नये.

माढेकर | २१ जानेवारी, रात्री ८:१५

उशीर झाला, माफ करा. वडिलांचा अनुभव लिहितो, भीती घालायला नव्हे.

दुसऱ्या डोसनंतर पाच आठवड्यांनी त्यांना जुलाब लागले. दिवसाला सात-आठ वेळा. गावातल्या डॉक्टरांना वाटलं बाहेरचं खाल्लं असेल. जुलाब थांबवायच्या गोळ्या, सलाईन. चार दिवस असेच गेले, रक्त पडायला लागलं. मी रात्री गाडी काढून सोलापूरला आणलं. इथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "इम्युनोथेरपी चालू आहे हे सांगितलं होतं का?" आम्ही "केमो चालू आहे" असं सांगितलं होतं. तीच चूक. औषधानं सोडलेल्या टी-पेशी आतड्यावर उठल्या होत्या. त्याला स्टेरॉइड लागतं, आणि लवकर लागतं. बरे झाले, पण तीन आठवडे गेले.

म्हणून पाकिटात कागद ठेवा: औषधाचं नाव, तारीख, डॉक्टरांचा फोन. जुलाब, कोरडा खोकला आणि दम, कावीळ, छातीत दुखणं, न उतरणारा थकवा, खूप तहान-लघवी, यातलं काहीही झालं तर आधी त्यांना फोन. थायरॉइडची तपासणी दर डोसाला. शेवटच्या डोसनंतर कित्येक महिन्यांनीही होऊ शकतं.

आणि औषध स्वतः आणणार असाल तर २ ते ८ अंश. बर्फाला बाटली थेट टेकू देऊ नका, गोठलं तर वाया.

भीमाकाठ | २१ जानेवारी, रात्री ९:३०

खर्चाचं काय केलंत ताई? काकांच्या वेळी आमचं तिथेच अडलं असतं.

कन्नाचौक | २२ जानेवारी, सकाळी ६:२०

कंपनीच्या पेशंट असिस्टन्स योजनेत काही डोस विकत घेतले की पुढचे मिळतात, त्याचा फॉर्म डॉक्टरांकडून भरला. विकत घ्यायच्यांसाठी भावानं अक्कलकोट रोडचा प्लॉट काढला. अम्माच्या दोन पाटल्या गेल्या. जनआरोग्य योजनेतून ऑपरेशन बसतंय का ते बघतोय, आरोग्यमित्रांनी कागद घेतलेत. लिहायला जड जातं, पण कुणाला तरी अंदाज यावा म्हणून लिहिते.

कन्नाचौक | १२ एप्रिल, रात्री १०:५०

बऱ्याच जणांनी व्यनि केले, सगळ्यांना एकदम सांगते. चौथा डोस झाला. जुलाब नाहीत, केस गेले नाहीत. थायरॉइड मंदावलं, रोज सकाळी एक गोळी लागते, बहुधा कायमची. दुसऱ्या डोसनंतर जेवण वाढलं. परवा तिनं स्वतः कडक भाकरी मोडून शेंगाचटणीत तेल घातलं आणि अर्धी खाल्ली. माहीत आहे, तिखट द्यायला नको होतं. मला थांबववलं नाही.

कन्नाचौक | ३ मे, दुपारी ४:४०

दुर्बीण झाली. जिथे गाठ होती तिथे पांढरट वण. आठ तुकडे घेतले, एकातही कॅन्सर नाही. स्कॅनमध्ये नोड लहान झालेत.

आता घरात नवा वाद. सगळे म्हणतात, गाठ गेली तर जठर कशाला कापायचं? अम्मा तर हात जोडते. मुंबईचे डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करा. मी काय करू?

उजनी | ३ मे, संध्याकाळी ६:०२

अमेरिकेत गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये याच प्रकाराच्या पेशंटना डोस्टारलिमॅब देऊन ऑपरेशन टाळलं होतं ना? २०२२ मध्ये बारापैकी बारा, सगळ्या पेपरांत आलं होतं. मग जठरात का नाही?

निवृत्त_सर्जन | ३ मे, रात्री ९:२५

प्रश्न बरोबर आहे. २०२५ मध्ये तोच गट वाढून ४९ झाला आणि ४९ च्या ४९ जणांना ऑपरेशन लागलं नाही. पण त्याच अभ्यासात इतर अवयवांचे ५४ होते, त्यांत पूर्ण साफ ३५. सगळे नाहीत.

गुदाशय बोटाला लागतो, एमआरआयमध्ये स्वच्छ दिसतो. जठराची भिंत जाड, घड्या पडलेली. वरचा थर बरा दिसतो आणि खाली पेशी दडून राहतात. बायोप्सीचा चिमटा खोल जात नाही. इटलीत इन्फिनिटीच्याच दुसऱ्या गटात ऑपरेशन न करता लक्ष ठेवण्याची पद्धत तपासली गेली आहे, पण तिथे ठरावीक अंतरानं दुर्बीण, एंडोस्कोपिक सोनोग्राफी, रक्तात उतरलेल्या कॅन्सरच्या डीएनएची तपासणी, सगळी चौकट होती. उद्या कदाचित अम्मांसारख्यांना ऑपरेशनशिवाय सोडता येईल, मला मनापासून तसं वाटतं. पण सोलापुरात राहून, दर दोन-तीन महिन्यांनी हे सगळं होईल याची खात्री नसताना, मी माझ्या बहिणीलाही ऑपरेशनच सांगेन.

गाठ खालच्या टोकाला होती, त्यामुळे वरचा भाग वाचवता येईल का ते विचारा. तो वाचला तर पुढचं जेवण बरंच सोपं जातं.

भीमाकाठ | ३ मे, रात्री ११:१०

ताई, जानेवारीत मी केमो सोडू नका म्हटलं होतं. आता सरांच्या बाजूनं आहे. अम्मांना म्हणावं, एवढं आलात तर एवढं करूनच घ्या.

कन्नाचौक | ९ जून, सकाळी ५:३५

झालं. २१ मे ला. जठराचा वरचा तिसरा हिस्सा ठेवलाय. ऑपरेशनला चार तास लागले, नवव्या दिवशी सोडलं.

काल रिपोर्ट आला. एकवीस लिम्फ नोड काढले, सगळे स्वच्छ. पण जठराच्या भिंतीत, वणाच्या खाली, तीन मिलिमीटरच्या जागेत कॅन्सरच्या पेशी होत्या. जिवंत. दुर्बिणीला आणि आठ तुकड्यांना न दिसलेल्या. मी तो आकडा बोटानं झाकून पुन्हा वाचला. सर, तुम्ही थांबवलं नसतंत तर आम्ही घरी घेऊन गेलो असतो तिला.

पुढे औषध चालू ठेवायचं का हे पुढच्या आठवड्यात ठरेल. सध्या दर दोन तासांनी अर्धी वाटी: पेज, मऊ इडली, ताक. एकदा भूक लागली म्हणून भरभर खाल्लं तर घाम फुटला, छाती धडधडली. जेवताना पाणी बंद केलं, तेव्हापासून ठीक. बी-१२ च्या इंजेक्शनची तारीख कॅलेंडरवर लिहिलीय. काल सूप मागितलं तिनं. विड्या वळायला नाही, पानं ओली आहेत का ते बघायला म्हणाली.

नवीन_सभासद_४४१ | ९ जून, रात्री १०:४८

ताई, मोहोळहून लिहितोय. धागा आत्ता सापडला. वडील ५८, जठराचा कॅन्सर, शनिवारी बायोप्सीचा रिपोर्ट आला. परवा सकाळी केमो सुरू होणार. रिपोर्टात तुम्ही म्हणता ते चार प्रथिनांचं काही लिहिलेलं नाही. आता काय करायचं?

कन्नाचौक | ९ जून, रात्री १०:५६

दादा, केमो स्वतःहून बंद करू नका. सकाळी नऊला डॉक्टरांना फोन करा आणि एवढंच विचारा: "पहिल्या केमोआधी एमएमआरची तपासणी झाली आहे का, नसेल तर त्याच बायोप्सीवर होईल का?" रिपोर्टाच्या वरच्या कोपऱ्यात लॅबचा नंबर असतो, तोच ब्लॉकवर असतो. तो कागदावर लिहून लॅबमध्ये जा आणि ब्लॉकमध्ये तुकडा शिल्लक आहे का ते विचारा. केमोनं गाठ विरघळली तर नंतर तपासायला काही उरत नाही, म्हणून आधी.

वडिलांना हेच निघेल असं नाही, बहुतेकांना निघत नाही, आणि मग केमोच योग्य. पण विचारा. मी जागी आहे, नंबर व्यनि करते.

पॅराफिन | ९ जून, रात्री ११:०३

दादा, मोहोळहून सकाळी निघताना मलाही व्यनि करा. चार काचांना साधारण दोन-तीन दिवस लागतात. ब्लॉक कसा मागायचा, अर्जात काय लिहायचं, ते आत्ता टाईप करून पाठवतो.